नाण्यांच्या टेबलाखालचा खोका: नागपूरच्या छोट्या प्रदर्शनांत जुनी कार्डं

नागपुरात जुनी कार्डं शोधायची तर नाणी-तिकिटांच्या प्रदर्शनात जावं लागतं. भाड्याचा हॉल नाहीतर मंगल कार्यालय, दोन-तीन दिवसांचा मुक्काम, वीस-तीस टेबलं. काचेखाली ब्रिटिश इंडियाचे चांदीचे रुपये, ७८६ नंबरच्या नोटा, नव्या टपाल तिकिटाच्या पहिल्या दिवसाचा शिक्का मारलेली पाकिटं, एखाद्या टेबलावर पितळी अडकित्ते आणि बंद पडलेली घड्याळं. कार्डांचा फलक कुठेच दिसत नाही. ती असतात टेबलाखाली, बुटाच्या खोक्यात, मिठाईच्या डब्यात, नाहीतर तिकिटांच्या आल्बमच्या शेवटच्या चार पानांत. हे परीक्षण अशा प्रदर्शनांचं आहे, पण फक्त कार्डवाल्याच्या नजरेतून.

निकाल आधीच सांगतो. ब्रिटिश काळातल्या सिगारेट कार्डांसाठी, म्हणजे सिगारेटच्या पाकिटांत येणाऱ्या चित्रांच्या कार्डांसाठी, ही जागा उत्तम आहे, आणि मोठ्या शहरांतल्या झगमगीत लिलावांपेक्षा सरस आहे. बबलगमची क्रिकेट चित्रं आणि डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डं हौसेपुरती मिळतात. पोकेमॉन इथे घेऊ नये. का, ते पुढे येईलच.

नागपूरचा फायदा दुहेरी आहे. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही रेल्वेमार्ग इथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे कोलकाता, हैदराबाद, मुंबई, जबलपूर अशा चारही दिशांचा विक्रेता एका रात्रीच्या प्रवासात पेट्या घेऊन पोहोचतो. दुसरं म्हणजे नागपूर आधी मध्य प्रांताची आणि नंतर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होती. सिव्हिल लाइन्सचे बंगले, रेल्वेची क्वार्टर्स, कामठीची लष्करी छावणी, मिशनच्या शाळा, या सगळ्या घरांत विलायती सिगारेटी ओढल्या जात आणि पोरं पाकिटांतली कार्डं जमवत. ते आल्बम आता तिसऱ्या पिढीकडून रद्दीत निघतात. रद्दीवाल्याकडून ते जातात तिकीटवाल्याकडे. तिकीटवाला पैसे मोजतो तिकिटांचे. कार्डं त्याला वर घलुवा म्हणून येतात. त्याची त्यात गुंतवणूक जवळपास शून्य. म्हणून भाव ठरतो तो त्याच्या मनावर आणि तुमच्या चेहऱ्यावर. या प्रदर्शनांचा सगळा गुण आणि सगळा दोष याच एका गोष्टीत आहे. माल न निवडलेला, म्हणून स्वस्त. आणि न निवडलेला, म्हणूनच वाईट हालतीत ठेवलेला.

टेबलं तीन-चार जातींची असतात. नाणेवाल्याकडे कार्डं कमी, पण असली तर सर्वांत बेपर्वाईने भाव लावलेली. तिकीट आणि कागदवाला, म्हणजे जुने स्टॅम्प पेपर, हुंड्या, पोस्टकार्डं, लग्नपत्रिका विकणारा, हा खरा आपला माणूस. त्याला कागद कळतो, फक्त कार्डांच्या मालिका कळत नाहीत. ‘अँटिक’वाला कार्ड फ्रेममध्ये घालून तिप्पट किमतीला लावतो, तिकडे वेळ घालवू नये, कारण फ्रेममधलं कार्ड मागून पाहता येत नाही आणि न पाहिलेल्या पाठीचे पैसे कोणी देऊ नयेत. चौथं टेबल हल्ली दिसू लागलं आहे, कॉलेजच्या पोरांचं. त्यांच्याकडे प्लास्टिकच्या कडक डब्यांत बंद केलेली ग्रेडेड कार्डं, म्हणजे एखाद्या संस्थेने तपासून हालतीचा दर्जा ठरवलेली कार्डं असतात आणि मोबाइलवर त्यांचे भाव.

सिगारेट कार्डांवर जरा थांबू, कारण यायचं ते त्यासाठीच. विल्स आणि जॉन प्लेअर या सिगारेट कंपन्यांची नावं सर्वांत जास्त भेटतात. नेहमीचं माप साधारण ६८ × ३६ मिलिमीटर. मालिका बहुधा २५ किंवा ५० कार्डांची, आणि क्रमांक पाठीवर छापलेला. प्लेअरच्या १९३४ आणि १९३८ च्या ‘क्रिकेटर्स’ मालिका, १९३० च्या दशकातले ‘फिल्म स्टार्स’, १९३८ चे ‘मिलिटरी युनिफॉर्म्स ऑफ द ब्रिटिश एम्पायर ओव्हरसीज’, विल्सचं १९३८ चं हवाई हल्ल्यापासून बचावाच्या सूचनांचं ‘एअर रेड प्रिकॉशन्स’, हे पुन्हा पुन्हा हाती येतं. १९४० मध्ये युद्धातल्या कागदटंचाईमुळे ब्रिटनमध्ये ही कार्डं बंद झाली, म्हणून १९३५ ते १९३९ या काळातली कार्डं सर्वांत सांभाळून ठेवलेली सापडतात. लक्षात घ्यायचं ते इतकंच, की ही अफाट संख्येने छापली गेली. नव्वद वर्षं जुनं आहे म्हणून दुर्मीळ आहे, असं विक्रेता हमखास सांगतो. ‘एअर रेड प्रिकॉशन्स’चा पूर्ण संच ब्रिटनमध्ये आजही किरकोळ पैशांत मिळतो. त्यातल्या एका सुट्या कार्डाला पाचशे रुपये सांगणाऱ्याला हसून ‘बरं’ म्हणावं आणि पुढच्या टेबलाकडे वळावं.

दुर्मीळ ते वेगळंच. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे विल्सच्या ‘सिझर्स’ ब्रँडची कार्डं खास भारतात विकल्या जाणाऱ्या पाकिटांत घातली जात. पेनिन्सुलर टोबॅको कंपनीनेही भारतासाठी कार्डं काढली, त्यांत हिंदू देवदेवतांची मालिका आहे. ही कार्डं इथल्या पोरांनी हाताळली, देवघरात लावली, खळ लावून वहीत डकवली, म्हणून चांगल्या हालतीत फार थोडी उरली. विक्रेत्याला ती ‘देवाची चित्रं’ वाटतात आणि तो ती काड्यापेटीच्या लेबलांत मिसळून ठेवतो. म्हणून लेबलांचा गठ्ठा दिसला तर तो पूर्ण चाळावाच. लेबल पातळ कागदाचं असतं, कार्ड बोटांना ताठ लागतं, आणि पाठ पाहिली की उरलासुरला संशयही जातो.

आता कार्ड हातात आल्यावर काय करायचं ते. आधी विचारायचं, “भाऊ, काढून पाहू का?” उत्तर बहुतेक ठिकाणी एकच येतं, “पाहा नं जी, पाह्याले काय पैसे लागते का?” दोन बोटांनी कडांना धरायचं. पांढरा बारीक टॉर्च कार्डाच्या जवळजवळ पातळीवर आडवा धरायचा आणि कार्ड हळूच फिरवायचं. समोरून न दिसणारी घडी या आडव्या उजेडात रेषेसारखी उभी राहते. हॉलमधल्या उजेडावर विसंबू नये. नाणेवाले चांदी चमकावी म्हणून टेबलावर पिवळे दिवे लावतात, आणि त्या पिवळ्या उजेडात पिवळा पडलेला कागद पांढराच दिसतो.

मग पाठ. पाठीवर पातळ, खरवडल्यासारखे चट्टे असतील तर कार्ड आल्बममधून ओढून काढलेलं आहे आणि कागदाचा एक थर तिथेच राहिला आहे. समोरची बाजू कितीही सुंदर असो, भाव निम्म्याहून खाली. पिठाच्या खळीचा डाग दिसला तर त्याच्या कडा भिंगाखाली पाहाव्यात. कसरीला खळ आवडते. ती कागदाचा वरचा थर वेडावाकडा कुरतडते आणि नकाशातल्या बेटांसारखे आकार मागे ठेवते. तपकिरी ठिपके असतील तर ती ओल आणि बुरशी. ठिपके वाढतात, आणि शेजारच्या कार्डांनाही ओल लागली असण्याचा संभव असतो. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या अनेक मालिकांच्या पाठीला तिकिटासारखा गोंद होता, म्हणजे ओला करून आल्बममध्ये लावायचा. आपल्याकडच्या पावसाळ्यांत हा गोंद आपोआप सुटतो आणि दोन कार्डं एकमेकांना घट्ट बसतात. ती विक्रेत्यासमोर ओढून वेगळी करायला जाऊ नये. दोन चिकटलेल्या कार्डांना एकाचाच भाव द्यावा, तोही पाठ दिसत नसल्याचं सांगून कमी करून.

नकली आणि पुनर्मुद्रण हा सर्वांत महत्त्वाचा भाग. जुन्या मालिकांची अधिकृत पुनर्मुद्रणं ब्रिटनमध्ये भरपूर झाली आहेत आणि त्यांत लबाडी काही नाही. पाठीवर बारीक अक्षरांत तसा उल्लेख असतो. लबाडी सुरू होते तो उल्लेख खरवडला की. खालच्या कडेला कागद थोडा खरखरीत, फिकट लागला तर समजून जावं. याशिवाय घरच्या प्रिंटरवर काढून चहाच्या पाण्यात बुडवलेली कार्डंही फिरतात. चहाचा रंग सगळीकडे सारखा बसतो. खऱ्या वयाचा पिवळेपणा कडांना जास्त आणि मध्ये कमी असतो, कारण हवा कडेकडून आत शिरते.

दहापट मोठं दाखवणारं भिंग इथे कामाला येतं. पाहायची जागा चित्राची नव्हे, पाठीवरच्या मजकुराची. मूळ कार्डात पाठीचा मजकूर एकाच शाईने, भरीव छापलेला असतो आणि अक्षरांच्या कडा स्वच्छ असतात. स्कॅन करून काढलेल्या प्रतीत तीच अक्षरं रंगीत ठिपक्यांची बनलेली दिसतात, निदान त्यांच्या कडा झिरझिरीत तरी असतात. चित्रात ठिपके दिसले म्हणून कार्ड नकली ठरवू नये. जुन्या शिळाछापात हाताने टाकलेले वेडेवाकडे ठिपके असत, आणि १९३० च्या दशकातल्या फोटोवरून केलेल्या मालिकांत यांत्रिक ठिपकेही आहेत. चार रंगांच्या ठिपक्यांची नियमित, फुलासारखी कडी दिसली तर मात्र सावध. अस्सल फोटोकागदावरच्या कार्डांत काळ्या भागाच्या कडेला चंदेरी झाक आली असेल तर ती वयाची चांगली खूण.

दुसरं हत्यार म्हणजे अतिनील टॉर्च. कागदात पांढरेपणासाठी घालायची चमकदार रसायनं युद्धानंतरच्या काळात, साधारण १९५० च्या आसपास सर्रास झाली. म्हणून १९३८ चं कार्ड या उजेडात मळकट, साय-रंगाचं दिसायला हवं. निळंशार पांढरं चमकलं तर ते त्या वर्षाचं नाही. टॉर्च ३६५ नॅनोमीटरचा घ्यावा. नोटा तपासायला म्हणून मिळणारे स्वस्त टॉर्च बहुधा ३९५ चे असतात, त्यांचा जांभळा उजेडच इतका पडतो की खरी चमक ओळखू येत नाही. कार्ड पाकिटातून काढून पाहावं, नाहीतर प्लास्टिकच चमकतं. उलट बाजूही ध्यानात असू द्यावी: चमकलं नाही म्हणजे अस्सल ठरलं असं होत नाही, कारण जुने कोरे कागद आणि रसायन नसलेले कागद आजही मिळतात. हा टॉर्च बाद करायला उपयोगी आहे, पास करायला नाही.

माप घ्यायला प्लास्टिकचा व्हर्नियर. लोखंडी नको, त्याचा जबडा कडेला खाच पाडतो. कोपरे झिजलेल्या कार्डाच्या कडा पातीने कापून नव्या करायची युक्ती जुनी आहे. एका बाजूने अर्धा मिलिमीटर कमी भरलं आणि ती कड बाकीच्या तिघींपेक्षा पांढरी असली, तर कापलेलं समजावं. त्या काळातली छाटणीही थोडी कमीजास्त होती, म्हणून एकट्या मापावर निकाल देऊ नये. त्याच मालिकेची दहा-बारा कार्डं सरळ रचून टेबलावर उभी ठोकावीत. कापलेलं कार्ड गठ्ठ्यात आत बसतं आणि बोट फिरवलं की खड्डा लागतो.

नागपूरपुरती एक खास सूचना. सी. के. नायडू याच शहरात १८९५ मध्ये जन्मले आणि १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीत कर्णधार होते, म्हणून त्यांच्या नावाने इथे काहीही खपतं. ‘नायडूंचं जुनं कार्ड’ म्हणून समोर ठेवलेली वस्तू मासिकातलं कात्रण पुठ्ठ्यावर डकवलेली असू शकते. कडेकडून भिंगाने पाहिलं की कागद आणि पुठ्ठा असे दोन वेगळे थर दिसतात. कंपनीचं नाव, मालिकेचं नाव, क्रमांक, यांतलं काहीच पाठीवर नसेल तर ते कात्रण म्हणूनच घ्यावं. कात्रणही सुंदर असू शकतं, पण भाव कात्रणाचाच.

भावाबद्दल आमचं मत असं. ओळखीच्या मालिकेचं, पाठ स्वच्छ असलेलं, कोपरे थोडे झिजलेलं साधं कार्ड ५० ते १०० रुपयांच्या पुढे घेऊ नये. ब्रॅडमनसारखं नाव असेल तर काही पट द्यायला हरकत नाही. परदेशी संकेतस्थळावर मागितलेला भाव दाखवणाऱ्याला प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या मालाची यादी उघडायला सांगावं. दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक असतो. २०२२ मध्ये मिकी मँटलचं १९५२ चं टॉप्स कंपनीचं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं, आणि तेव्हापासून ज्याच्या घरी जुनं कार्ड आहे त्याला आपण लक्षाधीश झाल्यासारखं वाटतं. ते कार्ड बेसबॉलचं, अमेरिकेतलं, जवळजवळ निर्दोष अवस्थेतलं होतं. त्याचा नागपूरच्या इतवारी बाजारात सापडलेल्या आल्बमशी काडीचा संबंध नाही.

सुटी निवडून घ्यायची की आल्बम पूर्ण उचलायचा, हा प्रश्न दर टेबलावर येतो. “पूर्णच घेऊन टाका नं, सुटं करून काय करता,” असा आग्रह होतो. पूर्ण घेण्यात अर्थ असतो तो पाठीचे क्रमांक सलग असतील तेव्हाच. ५० पैकी ४७ असतील आणि गाळलेले तीन साधे असतील तर घ्यावा. गाळलेल्या तिनांत नेमकी मोठी नावं असतील तर आधीच कोणीतरी मलई काढून नेली आहे. उरलेल्याला ताकाचा भाव. म्हणून मालिकांतल्या महागड्या क्रमांकांची यादी कागदावर लिहून न्यावी. हॉल बहुधा तळमजल्याखाली किंवा आतल्या बाजूला असतो, तिथे मोबाइलची रेंज दगा देते. त्याच कारणाने यूपीआयवर भिस्त न ठेवता शंभर आणि पन्नासच्या नोटा जवळ ठेवाव्यात. पाचशेची नोट काढून ‘चारशे वीसला द्या’ म्हटलं की सौदा सुट्या पैशांवर अडतो आणि विक्रेता वरच्या ऐंशीचं काहीतरी गळ्यात मारतो.

ठेवणीच्या बाबतीत या प्रदर्शनांना फार तर दहापैकी तीन गुण. नाणी ठेवायचे मऊ प्लास्टिकचे आल्बम बहुतेक पीव्हीसीचे असतात. त्या प्लास्टिकला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येतं, कार्डावर चिकट थर बसतो, आणि कधी छपाईची शाईच पाकिटाला उमटते. उष्णतेने हे वेगाने होतं, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या शहरात गोदामात ठेवलेल्या आल्बमचं काय होत असेल ते सांगायला नको. ओळखायची खूण नाक: नव्या रेक्झिनसारखा उग्र वास आला तर पीव्हीसी. असं कार्ड घेतलंच तर तिथल्या तिथे पॉलिप्रॉपिलिनच्या साध्या पाकिटात घालावं आणि ते पाकीट टॉप लोडरमध्ये, म्हणजे वरून उघड्या कडक प्लास्टिकच्या खोळीत. अमेरिकी मापाचा टॉप लोडर ३ × ४ इंचांचा असतो, सिगारेट कार्ड त्यात सैल पडून हलतं. लहान कार्डांसाठी लहान पाकीट घेऊन दोन पुठ्ठ्यांमध्ये धरलेलं बरं. रबरबँड अजिबात नको. उन्हाळ्यात रबर वितळून कडेला चिकटतं आणि चारही कडांवर मधोमध खाच सोडतं. अशा चार खाचा असलेला गठ्ठा दिसला की त्याचा वरचा आणि खालचा पत्ता सोडून द्यावा, मधले पाहावेत.

कूलरकडेही लक्ष असू द्या. उन्हाळ्यातल्या प्रदर्शनात हॉलच्या खिडक्यांना मोठे डेझर्ट कूलर लागतात आणि पाणी शिंपडलेली हवा थेट पुढच्या टेबलांवर येते. कागद एका बाजूने ओल पितो आणि कार्ड होडीसारखं वाकतं. सकाळी सपाट दिसलेलं कार्ड दुपारी वाकलेलं दिसतं ते यामुळे. हे वाकणं पुष्कळदा वजनाखाली कोरड्या जागी ठेवल्याने उतरतं, म्हणून त्यावर फार घासाघीस करायची गरज नाही; पण पाठीला गोंद असलेली कार्डं कूलरसमोरच्या टेबलावरून घेणं टाळावं. निवड असेल तर हिवाळ्यातलं प्रदर्शन गाठावं.

बाकीच्या कार्डांचं थोडक्यात. १९८७ च्या रिलायन्स कपच्या सुमाराची बिग फन बबलगमची क्रिकेटपटूंची चित्रं अधूनमधून दिसतात. ती पोरांनी खेळून फाडलेली, म्हणून स्वच्छ प्रत मिळाली तर घ्यावी. मात्र भाव आठवणींचा लावला जातो. डब्ल्यूडब्ल्यूएफच्या ट्रम्प कार्डांवर उंची, वजन, छाती, बायसेप्स, रँक हे आकडे असलेले इथल्याच छापखान्यांचे अनेक प्रकार आहेत, छापणाऱ्याचं नाव बहुधा नसतं. २००२ मध्ये कंपनीचं नाव डब्ल्यूडब्ल्यूई झालं, तेवढी एक तारखेची खूण. जुनं नाव छापलेला गठ्ठा त्याआधीचा असेलच असं नाही, पण नवं नाव असेल तर तो ‘नव्वदच्या दशकातला’ नक्कीच नाही. पूर्ण गठ्ठा आणि त्याची पेटी असेल तरच घ्या; अर्ध्या गठ्ठ्याला कोणी विचारत नाही.

पोकेमॉनला नाही म्हणण्याचं कारण सरळ आहे. खऱ्या कार्डांपेक्षा नकली कित्येक पटींनी जास्त, आणि टेबलावर बसलेल्यालाही फरक माहीत असेलच असं नाही. सोनेरी पत्र्यासारखी चकाकणारी कार्डं खेळणी आहेत, संग्रहाच्या कामाची नाहीत. १९९९ च्या इंग्रजी बेस सेटची, म्हणजे पहिल्या संचाची, म्हणून विकली जाणारी कार्डं असतील तर एवढं तपासा: सेट १०२ कार्डांचा आहे आणि त्यातल्या चॅरिझार्ड या कार्डाचा क्रमांक ४/१०२. ‘फर्स्ट एडिशन’चा काळा शिक्का असेल तर चित्राच्या चौकटीच्या उजव्या कडेला सावली नसावी आणि खालच्या स्वामित्वहक्काच्या ओळीत १९९५, ९६, ९८ च्या पुढे ९९ सुद्धा असावं. शिक्का आहे आणि सावलीही आहे, तर शिक्का मागाहून मारलेला. याला एकच अपवाद, मॅचॅम्प ८/१०२; ते सावलीसह शिक्का असलेलंही खरंच निघालं होतं, आणि म्हणूनच ते फार महाग नसतं. कडेकडून भिंगाने पाहिलं तर खऱ्या कार्डाच्या दोन थरांमध्ये बारीक काळी रेघ दिसते, नकलीत बहुधा कड पांढरीफट्ट असते. डबाबंद ग्रेडेड कार्ड असेल तर लेबलवरचा क्रमांक ग्रेड देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून, तिथलं छायाचित्र असेल तर ते कार्डाच्या कोपऱ्यांशी ताडून पाहावं. क्रमांक खरा आणि डबा खोटा, हा प्रकारही चालतो. एवढी मेहनत करून जो भाव पडतो तो ऑनलाइनपेक्षा कमी नसतो, मग इथे कशाला?

व्यवस्थेबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. प्रवेश सहसा फुकट, बसायला खुर्च्या कमी, बर्डी किंवा सदरसारख्या भागात हॉल असेल तर गाडी लावायला जागा मिळत नाही, मेट्रोने गेलेलं बरं. हॉलबाहेर तर्री पोह्याची गाडी असतेच. पोहे शेवटी खा. तर्रीचं तेल नखाखाली राहतं आणि टिश्यूने पुसून जात नाही. साबणाने हात धुतल्याशिवाय पुन्हा टेबलाकडे फिरकू नये.

वेळेचं गणित मात्र महत्त्वाचं. चांगला माल दार उघडायच्या आधीच विक्रेते एकमेकांत फिरवतात, त्यामुळे पहिल्या दिवशी पहिल्या तासाला धावत जाण्यात नाण्यांचा फायदा असेल, कार्डांचा फारसा नाही. कार्डांकडे त्या वेळी कोणाचंच लक्ष नसतं आणि विक्रेत्याला खोका काढायला फुरसत नसते. पहिल्या दिवशी दुपारी दोन ते चार, गर्दी ओसरल्यावर, “खाली काही कागद आहेत का?” असं विचारत सगळी टेबलं फिरावीत, खोके चाळावेत, पाठी पाहून क्रमांक टिपून ठेवावेत, आणि फक्त दुर्मीळ तेवढंच उचलावं. शेवटच्या दिवशी तीननंतर परत यावं. बाहेरगावचा विक्रेता तेव्हा संध्याकाळची गाडी पकडायच्या घाईत असतो. “गाडी किती वाजताची?” हा प्रश्न सहज विचारून ठेवावा. पेट्या बांधायला घेतल्या की जड आल्बम परत वाहून नेण्यापेक्षा तो देऊन टाकायला तयार होतो, आणि सकाळी आठशे सांगितलेला गठ्ठा चारशेला येतो. चारशेच्या खाली फार ताणू नये. माणूस पुढच्या वेळीही याच शहरात येणार असतो, आणि कागदवाला नाराज झाला तर खोका टेबलाखालीच राहतो.

जाताना आपला नंबर आणि हवं त्याचं वर्णन चिठ्ठीवर लिहून द्यावं. ‘सिगारेट कार्डं’ असं मोघम लिहिलं तर मालबोरोची रिकामी पाकिटं घेऊन ठेवतात. ‘काड्यापेटीएवढं, जाड कागदाचं, पुढे चित्र, मागे इंग्रजी मजकूर आणि क्रमांक’ असं लिहावं. कोणत्या मालिकेसाठी किती मोजायची तयारी आहे, ते चिठ्ठीत घालू नये.